हायस्कूलचा अभ्यास आणि उपक्रम : सोलापुरातले पालक आणि विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न

जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवर, पालकसभेत, शाळा सुटताना फाटकाशी आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न दरवर्षी येतात, ते आम्ही शिक्षकांनी इथे एकत्र केले आहेत. उत्तरं राज्य मंडळाच्या जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी आहेत. यातल्या बहुतेक गोष्टी मुलांच्या हक्काच्या आहेत, पण त्या शाळेमार्फतच मिळतात आणि त्यांना मुदत असते. मुदत उलटल्यावर आलेल्या आईला परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं. म्हणून शंका आली की लगेच या, पाल्याला बरं नसेल तर शेजारच्या कुणाला पाठवा, पण विचारा.

१. जिल्हा परिषदेची, महापालिकेची आणि अनुदानित शाळा यांत फरक काय? मुलाला त्यानं काय फरक पडतो?

पहिली ग्रामीण भागात, दुसरी शहरात. संस्था खासगी पण शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होत असतील तर ती अनुदानित. अभ्यासक्रम तिन्हीकडे एकच, आणि दहावीची परीक्षा पुणे विभागीय मंडळाची. खरा फरक आहे तो विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांशी. आठवीपर्यंतची मोफत पाठ्यपुस्तकं, शालेय पोषण आहार आणि एनएमएमएस शिष्यवृत्ती (प्रश्न ७) यांत हा फरक दिसतो. एकाच इमारतीत काही तुकड्या अनुदानित आणि काही विनाअनुदानित असू शकतात. प्रवेश घेताना तुकडीचं नाव घेऊन विचारा.

२. जुन्या शाळेचा दाखला मिळालेला नाही. प्रवेश अडेल का?

आठवीपर्यंत अडू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखल्यासाठी प्रवेश रोखता येत नाही, आणि जे मूल मध्येच शाळेबाहेर राहिलं त्याला वयानुरूप वर्गात घ्यावं लागतं. नववी-दहावीसाठी मुख्याध्यापकांना भेटा. जुन्या शाळेशी पत्रव्यवहार करून दाखला मागवता येतो.

इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडून येणारी मुलं आपल्याकडे बरीच असतात. परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ती तिकडून निघतानाच घ्या. नंतर एका सहीसाठी रोजगार बुडवून परत जावं लागतं.

३. घरी आम्ही तेलुगू बोलतो. मुलाला मराठी माध्यमात घालावं की तेलुगू? आणि सेमी इंग्रजी घ्यावं का?

राज्य मंडळाची परीक्षा आठ माध्यमांतून देता येते आणि त्यांत तेलुगू, कन्नड, उर्दू आहेत. पूर्व भागात तेलुगू, शहरात उर्दू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आजही चालतात. माध्यम कोणतंही असलं तरी २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी मराठी हा विषय शिकावाच लागतो, त्यामुळे मराठी सुटेल ही भीती नको. ज्या भाषेत मूल घरी भांडतं आणि हट्ट करतं, त्या भाषेत त्याला गणित लवकर कळतं, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. मात्र प्राथमिक तेलुगूतून झालं असेल तर पुढचं हायस्कूल त्याच माध्यमाचं जवळ आहे का, हे आधी बघा.

सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय माध्यमाच्या भाषेत. आमचं स्पष्ट मत: मुलाला शाब्दिक उदाहरण वाचून स्वतःच्या भाषेत सांगता येत असेल तरच सेमी घ्या. शेजारच्यांनी घेतलं म्हणून घेऊ नका. सेमीतून मराठीत परत येणारी मुलं दरवर्षी असतात आणि त्यांचं निम्मं वर्ष शब्द बदलण्यात जातं.

४. फी किती?

अनुदानित शाळेत दहावीपर्यंत शिक्षण शुल्क भरावं लागत नाही. सत्र शुल्क, ओळखपत्र, दहावीचं परीक्षा शुल्क अशा किरकोळ बाबी असतात. कोणत्याही रकमेची पावती मागा. नववी-दहावीची पुस्तकं मात्र विकत घ्यावी लागतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, आणि वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुना संच मिळवून द्यायला वर्गशिक्षक मदत करतात.

५. आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?

आता हे पूर्ण खरं नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तीत अनुत्तीर्ण झाल्यास जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घेतात. तिथेही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसतं. पण त्याला शाळेतून काढता येत नाही. फेरपरीक्षा मेच्या सुट्टीनंतर येते, आणि गावाला गेलेली मुलं नेमकी तेव्हाच चुकतात. निकालाच्या दिवशी फेरपरीक्षेची तारीख लिहून घ्या.

६. दहावीचे गुण ६०० पैकी की ५०० पैकी? शाळेच्या हातातले २० गुण म्हणजे काय?

विषय सहा, प्रत्येकी १००. सहाही विषयांत उत्तीर्ण व्हावंच लागतं. टक्केवारी काढताना सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरतात, म्हणून ५०० पैकी. गणिताचे बीजगणित ४० आणि भूमिती ४० असे दोन पेपर, विज्ञानाचे भाग १ आणि २, सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल. उरलेले २० गुण शाळेतल्या मूल्यमापनाचे: भाषांना श्रवण आणि भाषण, विज्ञानाला प्रात्यक्षिक, गणिताला गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणी.

‘ते वीस तर सर देतातच’ असं मुलं समजतात. असं धरून चालू नका. ज्यानं प्रयोगवही वर्षभर स्वतः लिहिली, त्याला विज्ञान भाग १ मधल्या विद्युतधारेच्या प्रश्नाला वेगळी तयारी लागत नाही. फेब्रुवारीत एका रात्रीत दुसऱ्याची वही उतरवणाऱ्याला वहीचे गुण मिळतीलही, पण पेपरातले जातात.

याखेरीज काही विषयांना गुण नसून श्रेणी असते: आरोग्य व शारीरिक शिक्षण, संरक्षणशास्त्र किंवा स्काऊट-गाईड, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा. सोलापूरच्या मुलाला जलसुरक्षेचं पुस्तक परकं वाटायचं कारण नाही. उजनीचं पाणी शहरात कसं येतं आणि आपल्या गल्लीत किती दिवसांआड येतं, याची नोंद वहीत ठेवली तरी प्रकल्पाला पुष्कळ होतं.

७. एनएमएमएस म्हणजे काय? आमच्या मुलीला मिळेल का?

या पानावरचा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, पूर्ण नाव नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली की नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० आणि चार वर्षांचे ४८,०००. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात.

अटी अशा. मुलगी सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असावी. सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट. आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं आणि तहसीलदारांचा दाखला असावा. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय किंवा पोखरापूरच्या नवोदय विद्यालयातल्या मुलांना ती लागू नाही.

पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमतेचा, दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित यांचा, सातवी-आठवीच्या पुस्तकांवरचा. मुलं पहिल्या पेपरालाच घाबरतात. संख्यामालिका, आकृत्यांचा क्रम, सांकेतिक भाषा हे प्रकार सरावानं येतात. जुलैपासून रोज अर्धा तास जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या तर खासगी क्लासची गरज पडत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका शाळेत असतात, मागा.

दोन गोष्टी घरच्यांनी करायच्या: उत्पन्नाचा दाखला परीक्षेच्या अर्जाआधी काढून ठेवायचा, आणि मुलीच्या नावाचं खातं आधारशी जोडून घ्यायचं. नाव गुणवत्ता यादीत येऊनही खातं बंद पडल्यामुळे पैसे अडकलेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

मराठा, कुणबी विद्यार्थी परीक्षेत पात्र ठरले पण एनएमएमएसच्या निवड यादीत आले नाहीत, तर ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेची दरमहा ८०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी निकाल लागल्यावर लगेच करा.

८. आई बिडी वळते. त्यासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. केंद्रीय श्रम मंत्रालय बिडी कामगारांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत देतं: पाचवी ते आठवी वर्षाला १,५०० रुपये, नववी-दहावी २,०००, अकरावी-बारावी ३,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा, आणि त्याला आईचं बिडी कामगार ओळखपत्र लागतं. कार्डावरचं नाव, आधारवरचं नाव आणि शाळेतलं आईचं नाव एकच आहे का, हे अर्जाआधी तपासा. कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही आपल्याकडची नेहमीची अडचण.

एनएमएमएस आणि ही शिष्यवृत्ती एकाच वेळी घेता येत नाहीत. एनएमएमएस मिळाली असेल तर तीच ठेवा, रक्कम कितीतरी जास्त आहे.

९. एनएमएमएस मिळाल्यावर शाळा बदलली किंवा गुण कमी पडले तर?

दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. बदललेली शाळाही प्रश्न ७ मधल्या प्रकारांतलीच हवी. विनाअनुदानित शाळेत गेलात तर शिष्यवृत्ती बंद होते. दहावीत ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५५. इथे एक चूक फार होते. दहावीनंतर मूल एखाद्या झगमगीत विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात जातं आणि दोन वर्षांचे २४,००० रुपये जातात. अकरावीचे पसंतीक्रम भरताना (प्रश्न १६) हे लक्षात असू द्या.

१०. खेळामुळे अभ्यास मागे पडतो. दहावीत मैदान बंद करावं का?

नाही. दहावीच्या वर्षात संध्याकाळचा तास-दीड तास खेळणारी मुलं रात्री मन लावून वाचतात. मैदान बंद केलेली मुलं त्या वेळात पुस्तक उघडतातच असं नाही, बहुतेक वेळा हातात मोबाईल असतो. बदल करायचाच असेल तर सामने निवडून खेळा.

शालेय क्रीडा स्पर्धा वयानं ठरतात, इयत्तेनं नाही: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. ग्रामीण शाळा आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला खेळतात. सोलापूर शहराच्या शाळांची महापालिका पातळी वेगळी. दोन्हीकडचे विजेते पुणे विभागाला जातात, तिथून राज्याला. बहुतेक सामने पहिल्या सत्रात होतात, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या बरेच आधी. खो-खो आणि कबड्डीला बूट आणि मैदान यांपलीकडे फारसा खर्च नाही, आणि खो-खोची आपल्या जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. मुलींना संघात येऊ द्या. ‘उशीर होतो’ ही अडचण असेल तर क्रीडाशिक्षकांना सांगा. एका वस्तीतल्या मुली एकत्र सोडता येतात.

११. खेळाचे आणि चित्रकलेचे वाढीव गुण कसे मिळतात?

चित्रकलेचं सरळ आहे. शासकीय रेखाकला परीक्षेतली इंटरमिजिएट उत्तीर्ण हवी: ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३ गुण. नुसत्या एलिमेंटरीला गुण नाहीत. म्हणून आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट दिली की दहावीचं वर्ष मोकळं राहतं.

खेळाचे गुण कोणत्या पातळीवर खेळला आणि कितवा आला त्यावर ठरतात. स्काऊट-गाईड, एनसीसी, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य आणि लोककला यांनाही तरतूद आहे. लक्षात ठेवायचं ते हे की गुण आपोआप लागत नाहीत. शाळा प्रस्ताव करते, खेळाच्या बाबतीत तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून तपासून जातो, आणि मग मंडळाकडे पोहोचतो. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावण्याआधी त्याच्या दोन प्रती काढून क्रीडाशिक्षकांकडे द्या.

१२. आमचा मुलगा खेळत नाही, गातही नाही. त्याच्यासाठी शाळेत काय आहे?

खूप आहे. इन्स्पायर-मानक योजनेत सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळा पाठवते, एका शाळेकडून पाचपर्यंत. निवड झाली की नमुना बनवायला १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. कल्पना मुलाच्या जगण्यातली असावी. ज्याच्या घरी यंत्रमाग आहे त्याला खडखडाट आणि कापसाची धूळ माहीत असते. ती कमी करायची एखादी युक्ती त्यानं काढली, तर इंटरनेटवरून उचललेल्या सेन्सरच्या डस्टबिनपेक्षा ती कितीतरी पुढे जाईल.

वक्तृत्व आणि निबंधाचा हंगाम जानेवारीत. १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद जयंती असतेच, पण सोलापूरकरांना हा दिवस आणखी एका कारणानं जवळचा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. १९३० च्या मार्शल लॉची गोष्ट पाठ्यपुस्तकात चार ओळींत संपते. आजोबांकडून, जुन्या पेठेतल्या माणसांकडून ऐकून मुलानं ती लिहिली तर भाषण तयार होतं आणि इतिहासाचा प्रकल्पही.

क्षेत्रभेटीसाठी लांब जायला नको. भुईकोट किल्ला, डॉ. कोटणीस यांचं स्मारक, केगावजवळचं विज्ञान केंद्र, नान्नजचं माळढोक अभयारण्य. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे नान्नजला उभं राहिल्यावर मुलांना जितकं पटतं तितकं फळ्यावर पटत नाही.

१३. गड्ड्याच्या यात्रेत, वारीत शाळा बुडाली तर? ऊसतोडीला जावं लागलं तर?

संक्रांतीच्या दिवसांत शहर सिद्धेश्वरांच्या यात्रेत असतं. नंदीध्वजाच्या मानकरी घरांतली मुलं आधीपासून सरावाला जातात, हे शिक्षकांना माहीत असतं. आधी चिठ्ठी द्या, राहिलेला पाठ आम्ही भरून देतो. दहावीच्या मुलांनी मात्र जानेवारीतली सराव परीक्षा कधी आहे ते बघून बेत करावा, कारण बोर्डाला बसायला ७५ टक्के हजेरी लागते.

ऊसतोडीचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर. दिवाळीच्या सुमाराला गेलेलं मूल मार्चनंतर येतं, आणि कधी येतच नाही. शक्य असेल तर मुलाला आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. न्यावंच लागलं तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत ते दाखवलं की मूल वर्गात बसतं. न सांगता जाऊ नका. सांगून गेलात तर आम्ही फोन करत राहतो.

१४. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग चुकलंय. कधी दुरुस्त करावं?

आजच. मूल शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधल्या दुरुस्तीचा प्रस्ताव पुराव्यांसह शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. शाळा सोडल्यावर हे फार अवघड होतं. तेलुगू आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं आधारवर एक आणि शाळेत दुसरं अशी सर्रास असतात. दहावीचा अर्ज भरल्यावर प्री-लिस्ट, म्हणजे अर्जातली माहिती तपासायची यादी, येते, तेव्हा आईचं नाव, जन्मतारीख आणि विषय पालकांनी स्वतः वाचून सही करावी. मुलाला एकट्याला सही करायला लावू नका.

१५. मुलाला लिहायला त्रास होतो. लेखनिक मिळतो का?

दिव्यांग आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना मिळतो. तासाला २० मिनिटं जादा वेळही मिळतो. लेखनिक एक इयत्ता खालचा असावा लागतो आणि विभागीय मंडळाची मंजुरी आधी लागते. अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळायला वेळ जातो, म्हणून नववीतच सुरुवात करा. मूल आळशी आहे असं ठरवण्याआधी वर्गशिक्षकांशी एकदा बोला. (२०२३ पासून सगळ्यांनाच पेपरच्या शेवटी १० मिनिटं जादा मिळतात, ती वेगळी.)

१६. दहावीत एक-दोन विषय राहिले किंवा गुण अनपेक्षित कमी आले तर काय?

एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. ते विषय नंतर सोडवावे लागतात. पुरवणी परीक्षा लगेच पावसाळ्यात असते, तिचा अर्ज शाळेतूनच भरायचा. त्यासाठी महिनाभर राहिलेल्या विषयाचे वर्ग आम्ही घेतो, यायला संकोच करू नका.

गुण कमी वाटत असतील तर गुणपडताळणी म्हणजे फक्त बेरीज तपासणं. उत्तरं पुन्हा तपासून हवी असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, ती विषयशिक्षकाला दाखवावी, आणि त्यानं सांगितलं तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन, मुदत थोडी.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतात, त्यामुळे ‘ओळखीनं बघू’ असं म्हणत थांबू नका. दहा पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं, म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जिथे खरोखर जायचं आहे.

१७. मुलीनं आठवीत शाळा सोडली, आता गारमेंटमध्ये कामाला जाते. दहावी देता येईल का?

येईल. खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरायचा. १४ वर्षं पूर्ण असावीत, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा. हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. अर्ज ऑनलाइन भरून कागद मंडळानं नेमलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत द्यायचे. पेपर आणि गुणपत्रिकेचं मोल नियमित विद्यार्थ्यांसारखंच. हा फॉर्म दहावीच्या नेहमीच्या अर्जाच्या बराच आधी, पावसाळ्यातच सुटतो, दिवाळीनंतर आलात तर वर्ष जातं. प्रात्यक्षिकाच्या तारखा संपर्क केंद्रातून घ्या आणि त्या दिवसांची सुट्टी कामावर आधी सांगून ठेवा. तिला दिवसा येता येत नसेल तर रविवारी सकाळी शाळेत पाठवा, गणित आणि इंग्रजीला कुणी ना कुणी बसतं.